बिरूतात्यांची तपासणी

बिरूतात्या डॉक्टरला हात दाखवण्याआधी डॉक्टरचा हात बघत. म्हणजे खरोखरच बघत. ते पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आले तेव्हा मी नाडी बघायला हात पुढे केला, तर त्यांनी तोच हात आपल्या दोन्ही हातांत धरला. नखं दाबून पाहिली, तळवा उलटासुलटा केला. मग माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत रक्त आहे की नाही ते बघितलं आणि विचारलं, "झोप लागती का?"

मी गडबडून हो म्हणालो.

"न्हाय लागत," ते म्हणाले, आणि मग कुठे स्टुलावर बसले.

खरंच लागत नव्हती. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगरच्या अलीकडे एका फाट्यावर मी नुकताच दवाखाना थाटला होता. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत एक लांब बाकडं. मदतीला नामदेव कंपाउंडर. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, माझ्याआधी दोन डॉक्टरांकडे काम केलेले. डॉक्टर येतात आणि जातात, कंपाउंडर राहतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

तात्या पन्नाशी ओलांडलेले. उंच, काळेशार, बाभळीच्या खोडासारखे. खांद्यावर बारा महिने घोंगडं. वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांनी मेंढरं राखली, रानोमाळ हिंडले आणि मग एकदम कळप सोडून फाट्यापासून दोन मैलांवरच्या वस्तीत शेती करायला लागले. थोडा ऊस, थोडी वांगी-मिरची. कळप का सोडला असं कुणी विचारलं की पाय दुखायला लागले म्हणून, असं सांगत. मला ते पटत नसे, कारण दोन मैल चालत येऊन चालत जाणाऱ्या त्या माणसाच्या पायांना मी कधी दुखताना पाहिलं नाही.

आमच्या भागात पेशंटला सुई लागते. सुई टोचली नाही तर डॉक्टरला काही येत नाही, असा सरळ हिशेब. तात्यांचं उलटं. सुई म्हटलं की ते बाटली मागून घेत, उजेडात धरत, बूच बघत, हलवून फेस किती येतो ते बघत आणि परत देत. गोळी दिली तर ती मधोमध मोडून आतला रंग बघत. बाहेरून एक रंग आणि आतून दुसरा रंग असलेल्या गोळीवर तर त्यांचा कायमचा राग होता. तिला लपवायचं काय आहे, असं ते मला विचारत. मी एकदा अर्धा तास खर्च करून गोळीवरचं कवच पोटातल्या आम्लासाठी असतं हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नामदेवांना बाजूला घेऊन, डाक्टर म्हणतोय ते खरं हाय का, असं विचारलं.

पण खरी गंमत होती त्यांच्या प्रश्नाची. पहिल्याच भेटीत जळजळीवरची साधी गोळी लिहून देत होतो, तर त्यांनी माझ्या लिहित्या हातावर हात ठेवला.

"समजा शंभर मेंढरं हाईत," ते म्हणाले. "सगळ्यास्नी ह्योच आजार. तुमी ही गोळी सगळ्यास्नी चारली. किती उठतील, किती तशीच बसून ऱ्हातील, आन किती जातील?"

मला कॉलेजात हे कुणी विचारलं नव्हतं. परीक्षेत डोस विचारत, दुष्परिणाम विचारत, गोळी कुठल्या वर्षी निघाली तेही विचारत. किती उठतील हे नाही. मी हसून सांगितलं, सगळी उठतील. तात्या उठले, मुंडासं नीट केलं आणि निघून गेले. औषध टेबलावरच राहिलं. सगळी उठतील असं बाजारातला दलाल सांगतो, डॉक्टरनं सांगायचं नसतं, असं त्यांनी पडवीत बसलेल्यांना ऐकवलं. नामदेवांनी ते माझ्यापर्यंत इमानदारीनं पोचवलं.

पुढच्या गुरुवारी ते परत आले. या वेळी मी जपून बोललो. म्हटलं, बहुतेक उठतील. काही तशीच राहतील, का राहतील ते मला सांगता येणार नाही. जाणार एकही नाही, पण एखाद्याला मळमळेल. तात्यांनी मान डोलावली, गोळी मोडून पाहिली आणि पुडी मुंडाशात खोचली. तेव्हापासून मी त्यांचा डॉक्टर झालो. म्हणजे संशयित म्हणून माझी नेमणूक पक्की झाली.

त्यांची आणखी एक खोड होती, साक्षीदाराची. मी काही महत्त्वाचं सांगू लागलो की ते हात वर करून मला थांबवत, पडवीत जात आणि बाकड्यावरचा जो हाताला लागेल तो माणूस आत आणून उभा करत. डॉक्टर काय म्हणतात ते ध्यानात ठेवायचं, एवढंच त्याला सांगत. हाताला पट्टी बांधलेला माणूस, कडेवर पोर घेतलेली बाई, कुणीही. एकदा तर पाणी प्यायला उतरलेला एसटीचा कंडक्टर सापडला. बाहेर गाडी घरघरत उभी आणि आत तो बिचारा तिकिटाची पेटी सांभाळत तात्यांच्या पोटातल्या वाताबद्दल ऐकत होता. गाडी इंदापूरला पोचेपर्यंत सगळ्या गाडीला तात्यांचं पोट ठाऊक झालं असणार.

नामदेवांना यात निराळाच वास येत होता. त्या दिवसांत पेशंट डॉक्टरला ग्राहक मंचात खेचू शकतो, अशा बातम्या पेपरात येत होत्या. बारामतीत चार डॉक्टर भेटले की दुसरा विषय नसे. कागदावर काय लिहावं, काय लिहू नये. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला खांद्यावर हात ठेवून सल्ला दिला होता की मनात शंका येवो न येवो, तपासण्या लिहून द्यायच्या. उद्या वेळ आली तर कागद आपल्या बाजूनं बोलला पाहिजे.

"ह्यो मानूस सरळ न्हाय," नामदेव म्हणाले. "साक्षीदार गोळा करतोय. मागं कोन तरी वकील हाय."

मी हसण्यावारी नेलं, पण झोप आणखी उडाली. नामदेवांनी तर तात्यांचं प्रत्येक वाक्य केसपेपरवर उतरवायला सुरुवात केली. इतरांचा केसपेपर म्हणजे एक पुठ्ठा, तात्यांचा म्हणजे दोऱ्यानं शिवलेली वही झाली.

आणि संशय यावा अशाच तात्यांच्या तक्रारी होत्या. जळजळ दोन आठवड्यांत संपली. मग ते दुसरंच सांगायला लागले. दम लागतो. आडवं पडलं की घुसमटतं, उशाला घोंगडं दुमडून घ्यावं लागतं. छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं. संध्याकाळी पाय सुजतात.

मी छातीला नळी लावली. आत बसवलेलं इंजिन असावं तसं हृदय चालत होतं, एक ठोका इकडचा तिकडे नाही. पायाच्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला नाही. माझाच अंगठा दुखला. सूज संध्याकाळी येते, ते म्हणाले. मी संध्याकाळी या म्हटलं. संध्याकाळी आले, तर पाय तसेच, काटक. आज आली नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं, जणू सूज ही पाव्हणी होती आणि तिची गाडी चुकली होती.

मी विचार करून थकलो. सर्टिफिकेट हवं म्हणावं तर शेती करणाऱ्याला रजा कुणाकडून घ्यायची आहे? औषधाची हौस म्हणावी तर दिलेल्या गोळ्या मोडून बघण्यातच त्यांचा जीव. मग राहिला नामदेवांचा वकील. हा माणूस मी काही तरी चुकीचं बोलण्याची वाट बघत बसलाय, असं मलाही वाटायला लागलं. गुरुवार उजाडला की माझ्याच पोटात वात धरायचा.

शेवटी मी ज्येष्ठांचा सल्ला ऐकला. रक्त, लघवी, एक्स-रे, कार्डिओग्राम, आणखी दोन-चार, सगळं एका कागदावर लिहिलं आणि बारामतीला जाऊन करून या म्हणून तात्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ओळी मोजल्या.

"ही तपासणी माझ्यासाठी हाय का तुमच्यासाठी?"

मी तुमच्यासाठी म्हणालो. ते माझ्या डोळ्यांत बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी पडवीतून साक्षीदार आणला नाही. तो आणला असता तर मी खोटं रेटून नेलं असतं. एकट्यानं मला ते जमेना. खाली बघून कबूल केलं की निम्मी तुमच्यासाठी, निम्मी माझ्यासाठी.

"मंग तुमची निम्मी खोडा," ते म्हणाले.

मी खोडली. उरलेल्या तपासण्या ते खरंच करून आले. कार्डिओग्रामची लांब पट्टी घोंगड्यात गुंडाळून आणली होती. ती मी टेबलावर पसरली आणि मोठ्या समाधानानं सांगितलं की हृदय उत्तम आहे, विशीतल्या पोराला लाजवेल असं. तात्यांचा चेहरा पडला. सगळं बरं असल्याचं दिसत होतं तरी त्यांनी दोनदा विचारलं की ह्यात काहीच सापडलं नाही का, पट्टी आणखी लांब काढली तर सापडेल का. कागद चांगला आला म्हणून वाईट वाटलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नामदेव दारातून सगळं बघत होते. तात्या गेल्यावर ते म्हणाले की आता मात्र पोलीस पाटलाच्या कानावर घालून ठेवा.

पुढच्या गुरुवारी उलगडा झाला, आणि तोही तात्यांच्या एका वाक्यानं. दम कधी लागतो, नेमका काय करताना लागतो, असं मी जरा चिडूनच विचारलं. तात्या आठवत आठवत सांगत गेले. विहिरीवरनं येताना लागतो. चढावर लागतो. चुलीपुढं बसून भाकरी थापताना तिसऱ्या भाकरीला हात थांबतो.

मी लिहीत होतो. पेन थांबलं. आतल्या खोलीत नामदेव गोळ्या मोजत होते, त्यांचंही मोजणं थांबलं.

"तात्या," मी विचारलं, "भाकरी तुम्ही थापता?"

तात्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्यावरून उसाची गाडी चालली होती, ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं.

"कवा कवा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "न्हाय. मालकीण थापती."

मग सगळं बाहेर आलं. दम त्यांच्या बायकोला, हौसाबाईंना लागत होता. सूज त्यांच्या पायांवर येत होती. तात्या त्यांच्या शेजारी बसून नीट बघत, लक्षात ठेवत आणि गुरुवारी माझ्यापुढं येऊन स्वतःच्या अंगावर घालून सांगत. हौसाबाई दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हत्या. बऱ्याच वर्षांपूर्वी लांबच्या एका गावच्या डॉक्टरनं त्यांना तपासून, काळजाचं दुखणं आहे, पुढची दिवाळी दिसणार नाही, असं तोंडावर सांगितलं होतं. अगदी खात्रीनं. दिवाळी आली आणि गेली, हौसाबाई जागच्या जागी. त्यानंतर त्यांनी डॉक्टर ही जात सोडली होती.

चार महिने मी या माणसाला पुड्या बांधून देत होतो. त्या कुणी खाल्ल्या? मी केसपेपरची वही ओढून एकेक गोळी वाचायला लागलो. तात्यांनी मला धीर दिला. प्रत्येक गोळी ते आधी दोन दिवस स्वतः खाऊन बघत. आपल्याला काही झालं नाही की मग मालकिणीला द्यायची, असं ठरवत. पण तोवर पुडी संपत आलेली असे आणि उरलेल्या एकदोन गोळ्या हौसाबाई तुळशीत टाकत. थोडक्यात, माझ्या औषधानं कुणाचंही काही बिघडलं नव्हतं. सुधारलंही नव्हतं.

दोन दिवसांनी मी स्कूटर घेऊन वस्तीवर गेलो. तात्यांचा बेत असा होता की आजारी ते पडतील, मी त्यांना बघायला आल्यासारखं करायचं आणि बघायचं हौसाबाईंना. मी अंगणात पोचलो तेव्हा ते भर दुपारी घोंगडं पांघरून बाजेवर कण्हत होते. इतकं वाईट कण्हणं मी आयुष्यात ऐकलं नाही. स्कूटर बंद केली तसं ते वाढलं.

हौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. उंच, किडकिडीत, गालांवर उन्हानं यावी तशी लाली, पण ती उन्हाची नव्हती. दारापासून बाजेपर्यंत दहा-बारा पावलं. त्या मधल्या लाकडी मेढीला हात लावून थांबल्या, तांब्या सावरल्यासारखं केलं आणि मग पुढे आल्या. मी तात्यांची नाडी धरून बसलो होतो.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "हात ह्यांचा धरलाय आन बघताय माझ्या पायाकडं."

तात्यांचं कण्हणं थांबलं. हौसाबाईंनी त्यांना आता उठा म्हणून सांगितलं, लई झोपलात. मग माझ्याकडे वळून, दिवाळीवाल्या डॉक्टरबद्दलची आपली बाजू ऐकवली. त्याचं ऐकून त्यांनी मरायची तयारी केली होती. दोन चांगली लुगडी होती, एक थोरल्या जावेला देऊन टाकलं, एक धाकटीला. दिवाळी झाली, पाडवा झाला, माघ उजाडला, तेव्हा त्यांनी लुगडी परत मागितली. दोघींनीही दिली नाहीत.

"जिती ऱ्हायले आन लुगडी गेली," त्या म्हणाल्या. त्यांचा राग जावांवर नव्हता, डॉक्टरवर होता. मग माझ्यापुढं जोत्यावर बसल्या. "बघा काय बघायचं त्ये. पर दिवाळीचं नाव काढायचं न्हाय."

मी नळी लावली. कॉलेजात असताना वॉर्डात ऐकलेला आवाज काही वर्षांनी पुन्हा ऐकला, लांबून खडीवरून गाडी येत असावी तशी घरघर. तात्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. साक्षीदार आणायला आसपास कुणी नव्हतं, एक शेळी होती.

मी सांगितलं की मला वाटतंय हृदयाची एक झडप आकसली आहे, दार चिकटून बसावं तशी. वाटतंय, माहीत नाही. नीट कळायला पुण्याला यंत्राखाली बघावं लागेल. तसं निघालं तर हल्ली पायाच्या शिरेतून फुगा आत नेऊन ती झडप उघडतात, छाती फाडावी लागत नाही. तात्यांनी विचारायच्या आत मीच शंभराचं बोललो. बहुतेक उठतात. थोड्यांची झडप नीट उघडत नाही, मग मोठं ऑपरेशन लागतं. एखादं दगावतंसुद्धा. आणि काहीच केलं नाही तर दम वाढत जाणार, एवढं मात्र मला बरंच नक्की वाटतं.

हौसाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आन मी त्यातली कुठली?"

तात्यांनी एवढ्या महिन्यांत हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. माहीत आहे म्हणणारा भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका."

त्यांनी बोटानं जमिनीवर एक रेघ ओढली. मग पुण्याची गाडी फाट्यावर किती वाजता येते, असं त्यांनी मला विचारलं.

आता बिथरले ते तात्या. इतके दिवस सगळ्यांना कोड्यात टाकणारा माणूस एकदम कोड्यात पडला. पुण्याचं यंत्र कुणाचं, ते बिघडलं तर कळतं का, फुगा फुटला तर त्याची हवा कुठं जाते, शिरेतून आत गेलेला माणूस, म्हणजे फुगा, परत कसा येतो. रोज एक प्रश्न घेऊन ते फाट्यावर येत. हौसाबाईंनी एकदाच त्यांना सांगितलं की तुम्ही मोजत बसा, मी निघाले.

यंत्रानं माझं म्हणणं बरोबर ठरवलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात माझा एक वर्गमित्र होता, त्यानं तारीख मिळवून दिली. त्या दिवशी मी दवाखाना नामदेवांवर सोपवून त्यांच्याबरोबर गेलो. का गेलो, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. कदाचित त्या खोडलेल्या तपासण्यांमुळे.

संमतीच्या कागदापाशी सगळं अडलं. शिकाऊ डॉक्टर घाईत होता, त्यानं शाईची पेटी पुढे सरकवली आणि इथं अंगठा करा म्हणाला. तात्यांनी हात पाठीमागे घेतले. कागद वाचून दाखवायला सांगितला, आणि तो पुटपुटायला लागला तसे शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे दोन नातेवाईक आणून उभे केले. बिचारा पोरगेला डॉक्टर एकेक ओळ वाचत गेला. रक्तस्राव होऊ शकतो. झडप फाटू शकते. मृत्यू येऊ शकतो. प्रत्येक ओळीला तात्या त्याला थांबवून, म्हंजी काय, असं विचारत. हळूहळू त्याची घाई गेली. तो खाटेच्या कडेवर बसला आणि कागदाच्या मागच्या बाजूला हृदयाचं चित्र काढून हौसाबाईंना दाखवायला लागला.

सगळं वाचून झाल्यावर त्यानं पुन्हा शाई तात्यांपुढे केली. बायकोसाठी नवऱ्याचा अंगठा, ही तिथली रोजची पद्धत.

"तिचा घ्या," तात्या म्हणाले. "जीव तिचा हाय."

हौसाबाईंनी अंगठा केला, शाई पदराला न लावता खाटेच्या दांडीला पुसली आणि आत गेल्या.

आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "म्या मेंढरं का सोडली, ठावं हाय का?" मी म्हटलं, पाय दुखायचे म्हणून. त्यांनी मान हलवली.

त्या दिवाळीच्या वर्षीची गोष्ट. दसरा झाला की कळप कोकणाच्या अंगाला निघायचा, तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. दरवर्षी दोघं बरोबर जात. त्या वर्षी हौसाबाईंना चालवेना, आणि डॉक्टरनं दिवाळीचं सांगितलेलं. तिला जावांच्या हाती सोपवून जा, असं भाऊबंद म्हणाले. तात्यांनी कळपच चुलतभावाला देऊन टाकला आणि घरी राहिले. तिला सांगितलं, पाय दुखतात, आता होत नाही. आपल्यापायी कळप गेला हे घेऊन तिनं मरू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. मग ती मेलीच नाही. तेव्हा खरं सांगायचं राहून गेलं, आणि पुढे सांगण्यात अर्थ उरला नाही.

"कळपाचं वाईट न्हाय वाटत," ते म्हणाले. "तवा म्या त्याच्या बोलन्यावर इश्वास ठिवला, त्येचं वाटतं. रोज सकाळी तिच्या तोंडाकडं बघायचो, आज का उद्या. अशी समदी दिवाळी गेली. तिला ते दिसत आसंल का न्हाय?"

बंद दारावरचा दिवा तसाच लागलेला होता.

"डाक्टर, एक करा. काय व्हनार न्हाय, म्हना."

मी म्हटलं, "तात्या, मला माहीत नाही."

"मला म्हाईत हाय तुमास्नी म्हाईत न्हाय. तरी म्हना."

मी म्हणालो. काही होणार नाही. डॉक्टर म्हणून त्या वाक्याला काडीचा आधार नव्हता. तात्यांनी आणखी एकदा म्हणायला सांगितलं. मी आणखी एकदा म्हणालो. मग त्यांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले आणि दार उघडेपर्यंत उघडले नाहीत.

झडप उघडली. त्यानंतर हौसाबाई बरीच वर्षं धडधाकट राहिल्या, वस्तीवरून चालत माझ्या दवाखान्यात येत आणि येताना पडवीतल्या बाकड्यावर न टेकता थेट आत येत. नामदेवांनी ती दोऱ्यानं शिवलेली वही बंद केली आणि पहिल्या पानावर तात्यांचं नाव खोडून बाईंचं घातलं. तात्यांचा संशय मात्र कुणावरचाच कमी झाला नाही. गोळ्या ते शेवटपर्यंत मोडून बघत.

पण मला आठवतो तो त्याच दिवशीचा तिसरा प्रहर. नर्सनं आम्हाला आत सोडलं. हौसाबाईंना पाय न हलवता उताणं पडून राहायला सांगितलं होतं. तात्या खाटेपासून दोन हात लांब उभे राहिले. हौसाबाईंच्या छातीवरच्या चादरीकडे बघत होते, ती वर जातेय का, खाली येतेय का. हौसाबाईंनीच मान वळवून विचारलं, "जेवलासा?"

"व्हय," तात्या म्हणाले. "पोटभर."

पहाटे फाट्यावर गाडीत चढल्यापासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. मी दोनदा कँटीनला चला म्हटलं होतं, ते उठले नव्हते.

हौसाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जेवलं का हो हे?"

मी हो म्हणालो.

हात लांब करून उशाजवळच्या बशीतली दोन बिस्किटं त्यांनी तात्यांच्या बाजूला सरकवली. तात्यांनी ती उचलली आणि उभ्या उभ्या, मोडून न बघता खाल्ली.